मोळीचा भाव

रायगड जिल्ह्यात घर उबदार ठेवण्यासाठी कुणाला लाकूड विकत घ्यावं लागत नाही. पौष-माघातल्या पहाटे पेणला किंवा रोह्याला अंगावर काटा येतो, अंगणात काटक्या-पाचोळ्याची शेकोटी पेटते, म्हातारी माणसं तिच्याभोवती बसून हात शेकतात. उन्हं ओटीवर आली की थंडीचा विषय संपतो. काश्मिरात बुखारी जे काम हिवाळाभर करते त्याची कोकणाला गरज नाही. तरीही या दोन तालुक्यांत सरपणाचा खर्च सुटलेला नाही. भात-भाकरीला जळण लागतं आणि आंघोळीच्या पाण्यालाही लागतं. यातला दुसरा खर्च कुणी सहसा धरत नाही, कारण तो न्हाणीमागच्या चुलाण्यात, घराच्या इतर हिशेबाबाहेर जळत असतो. घराला लागणारी ऊब मोजायची झाली तर कोकणात सुरुवात या पाण्यापासूनच करावी लागते.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. 20 लिटरची बादली घ्या. विहिरीचं पाणी 24 अंशांचं आहे आणि आंघोळीला 44 अंशांचं हवं आहे. 20 लिटर गुणिले 20 अंश, म्हणजे 400 किलोकॅलरी. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे 3,600 किलोकॅलरी उष्णता असते. या हिशेबाने एक किलो लाकडात नऊ बादल्या तापायला हव्यात. प्रत्यक्षात एकच तापते. तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीत लाकडातली 10 ते 15 टक्के उष्णताच भांड्यापर्यंत पोचते. बाकीची धुराबरोबर, वाऱ्याबरोबर आणि चुलीच्या भिंतीत जाते. 12 टक्के धरले तर किलोमागे 430 किलोकॅलरी हाताशी लागतात. एक किलो सुकं लाकूड म्हणजे एक बादली ऊन पाणी, एवढं प्रमाण लक्षात ठेवलं तर पुढचा सगळा हिशेब बोटांवर करता येतो.

पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या, म्हणजे पाच किलो लाकूड. महिन्याला 150 किलो, आणि तेही स्वयंपाक सोडून. तांब्याचा बंब असेल तर निम्म्याहूनही कमी लाकडात भागतं, कारण त्यात आगीची नळी पाण्याच्या मधून वर जाते आणि उष्णतेला बाहेर पडायला वाटच फारशी राहत नाही. आपल्याकडच्या घरगुती उपकरणांत बंबाइतकं शहाणपणाने घडवलेलं उपकरण क्वचितच असेल. तांबं महाग झालं, विजेचा गीझर आला आणि बंब माळ्यावर गेला. पण गीझर सगळ्यांकडे आला नाही. ज्यांच्याकडे आला नाही त्यांच्यापैकी बरेच जण बंबावरून पुन्हा उघड्या चुलाण्यावर आणि जर्मनच्या टोपावर आले. एवढ्या एका बदलाने लाकूड दुपटीहून जास्त लागायला लागलं.

आता हीच तुलना गॅसशी करू. एक किलो गॅसमध्ये सुमारे 11,000 किलोकॅलरी असतात आणि घरातल्या शेगडीवर त्यातल्या 60 टक्के तरी भांड्याला मिळतात. 14.2 किलोच्या सिलिंडरमधून कामाला येतात जवळपास 93,700 किलोकॅलरी. तेवढ्याच कामासाठी साध्या चुलीत 218 किलो सुकं लाकूड लागेल. एप्रिल 2025 मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर 852 रुपये 50 पैशांचा होता. त्याला 218 ने भागलं की किलोला तीन रुपये नव्वद पैसे येतात. याचा अर्थ असा, की साध्या चुलीत जाळायचं सुकं लाकूड किलोला चार रुपयांहून महाग मिळत असेल, तर गॅस स्वस्त आहे. उज्ज्वला योजनेची 300 रुपयांची सवलत धरली तर ही रेषा अडीच रुपयांवर येते. लाकडाच्या वखारीचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे आकडे वाचून थोडा धक्का बसेल. लाकूड स्वस्त आणि गॅस महाग हे आपण गृहीत धरून चालतो. लाकूड फुकट मिळत असेल किंवा फार थोड्या पैशांत मिळत असेल तेव्हाच ते खरं ठरतं. मग ते इतक्या थोड्या पैशांत मिळतं कसं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर शोधायला पेणच्या पूर्वेकडच्या डोंगरात जावं लागतं.

पेण तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याचे डोंगर आणि त्यांच्या उतारांवर कातकरी-ठाकरांच्या वाड्या. पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट: वाशी, शिर्की, वढाव, दादर ही गावं, त्यांचे बांध, त्यांची भातखाचरं. खारेपाटात भात उदंड पिकलं, पण ते शिजवायला लाकूड नव्हतं. शेण्या, पेंढा आणि खाडीकाठच्या तिवरांच्या फांद्या यांवर तिथल्या चुली चालल्या. पेंढा भसकन पेटतो आणि भाताला उकळी येण्याआधी विझतो. तिवराचं लाकूड चांगलं जळतं. पण तिवरं गेली की बांध उघडे पडतात आणि खारं पाणी शेतात शिरतं. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांच्या तोडीला मनाई केली. ते योग्यच झालं. खारेपाटातल्या चुलीला मात्र त्या आदेशाने पर्याय दिला नाही, आणि डोंगरातून येणाऱ्या लाकडावरचा भार वाढला.

रोह्याची रचना वेगळी आहे. कुंडलिकेच्या दोन्ही अंगांना डोंगर, पश्चिमेकडे फणसाडच्या अभयारण्यापर्यंत गेलेलं रान, मध्ये रोहा-अष्टमीचं जुनं गाव आणि शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत. इथे रान गावाच्या उशाशी आहे, त्यामुळे मोळीला चालायचं अंतर कमी. पण ते रान बहुतांशी वनखात्याचं आहे, आणि रोहा हे वनविभागाचं ठाणं आहे. जिथे लाकूड जवळ तिथे पहाराही जवळ.

ही लाकडं पूर्वी फक्त इथल्या चुलीत जात नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली ती ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांचं जळण जाळत. रायगड जिल्ह्याचं तेव्हाचं नाव कुलाबा. ते 1981 मध्ये बदललं. कुलाब्याच्या निर्यातीच्या सरकारी यादीत भात आणि मिठाच्या जोडीला सरपण हमखास असे. पेणचं अंतोरे बंदर, अंबा नदीवरचं नागोठणे, कुंडलिकेवरचं रोहा-अष्टमी. भरतीच्या पाण्यावर आत येणारी गलबतं जाताना लाकूड भरून मुंबईला जात. माझगावजवळ दारूखान्यात आजही लकडी बंदर हे नाव टिकून आहे. मुंबईकराची चूल पेटती राहिली त्यामागे आमच्या डोंगरांचं बोडकं होणं आहे, आणि हे मुंबईच्या इतिहासात पुरेसं लिहिलं गेलेलं नाही असं मला वाटतं.

रान संपू लागलं तसा सरकारला त्याचा हिशेब सुचला. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली. रानातल्या टहाळावर, फाट्यावर आणि राबावर लोकांचा जो वहिवाटीचा हक्क होता तो आता सवलत ठरला, आणि सवलत काढून घेता येते. राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर टहाळ, शेण आणि पाचोळा पसरून जाळणं. त्या टहाळासाठी झाडं छाटू द्यायची की नाही यावरून ठाणे आणि कुलाब्यात एवढा असंतोष माजला, की 1885 मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी खास आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल 1887 मध्ये आला. राखीव जंगलाच्या रेषा मात्र राहिल्या त्या राहिल्या. पुढे 25 सप्टेंबर 1930 रोजी पेणच्या शेजारी, उरणजवळच्या चिरनेरला आक्कादेवीच्या रानात लोकांनी जंगल सत्याग्रह केला, गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नवश्या महादेव कातकरी हे नाव आहे. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून येतो आणि तो आहेच. पण त्याच्या मुळाशी लाकूडफाटा आणि गवत होतं, हे सांगायला हवं.

कातकऱ्यांची गोष्ट इथे जरा थांबून पाहावी लागेल, कारण मोळी बहुधा त्यांच्याच डोक्यावर असते. खैराच्या लाकडाचा काथ काढणं हा या समाजाचा जुना धंदा. काथासाठी खैर तोडायला बंदी आली आणि धंदा गेला. मग ते कोळशाकडे वळले. मातीने झाकलेल्या भट्टीत लाकूड कोंडून जाळलं की पाच-सहा किलोंतून एक किलो कोळसा निघतो. पाच किलो लाकडातली 18,000 किलोकॅलरी उष्णता भट्टीत जाते आणि हाती लागतात सुमारे 7,000. हा तोटा कुणी का पत्करावा? कारण कोळसा हलका असतो, शहरापर्यंत नेणं परवडतं आणि गिऱ्हाइकाच्या घरात धूर होत नाही. धूर आणि राख डोंगरात राहते. मालकी जंगलं ठेकेदारांनी तोडली, त्यांचा कोळसा कातकऱ्यांनी पाडला आणि 1975 च्या कायद्याने खासगी वनं सरकारजमा झाली तेव्हा तोही धंदा बसला. आज यांतली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर किंवा परराज्यातल्या कोळसा भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लावणीचे दिवस मजुरीवर निघतात. लावणी संपली की श्रावण-भादव्यात हाताला काम नसतं आणि घरात दाणा नसतो. त्या दिवसांत वाडीत रोख पैसा आणणारी वस्तू एकच उरते. ती मोळी.

म्हणजे ज्या महिन्यांत लाकूड सगळ्यात ओलं असतं, त्याच महिन्यांत ते विकणं वाडीतल्या बाईला सगळ्यात निकडीचं असतं.

मोळी साधारण 20 ते 30 किलोंची. आपण 25 धरू. ती गोळा करायला रानात जायचं, वाळक्या फांद्या शोधायच्या, कोयत्याने छाटायच्या, वेलीने किंवा दोरीने बांधायच्या, चुंबळ ठेवून डोक्यावर घ्यायच्या, उतरायचं आणि बाजारापर्यंत चालायचं. वाडीपासून बाजार दूर असेल तर लाकूड आदल्या दिवशी जमवून ठेवतात आणि पहाटे निघतात. मोळीचा भाव कुठे लिहिलेला नसतो. तो सूर्याबरोबर उतरतो. सकाळी गिऱ्हाईक मिळालं तर बाई दोन पैसे जास्त मागू शकते. दुपार होत आली की ती मिळेल त्या पैशाला देते, कारण 25 किलो ओझं पुन्हा डोंगरावर नेणं शक्य नसतं आणि घरी न्यायचं तांदूळ-मीठ त्याच पैशांतून घ्यायचं असतं. घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. एका बाजूला थांबू शकणारा आणि दुसऱ्या बाजूला थांबू न शकणारी, अशा व्यवहारातून जो आकडा निघतो त्याला बाजारभाव म्हणणं मला पटत नाही.

उष्णतेच्या भाषेत या मोळीची किंमत काढता येते. किलोला तीन रुपये नव्वद पैसे धरले तर 25 किलोंचे 98 रुपये. याहून जास्त देणारं गिऱ्हाईक गॅसपेक्षा महाग उष्णता विकत घेत असतं. आता दुसऱ्या बाजूने मोजू. रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होता. महाराष्ट्राने 1977 मध्येच रोजगार हमीचा कायदा केला; मागणाऱ्याला काम मिळण्याची हमी, ही कल्पना या राज्याने देशाला दिली. तो दर मोळीला लावला तर लाकूड किलोला साडेबारा रुपये पडेल. चुलीच्या दृष्टीने मोळीची लायकी 98 रुपये आणि श्रमाच्या दृष्टीने 312. मधले 214 रुपये गिऱ्हाईक देत नाही, सरकार देत नाही. ते त्या बाईच्या मानेतून आणि गुडघ्यांतून वसूल होतात. सरपण स्वस्त आहे याचं कारण एवढंच आहे.

आणि जी बाई विकत नाही, घरच्याच चुलीसाठी फाटी आणते, तिचं काय? तिच्या घरात तर या खर्चाचा आकडा शून्य लिहिला जातो. महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घराला लाकडावर यायचं झालं तर स्वयंपाकालाच दिवसाला सात किलो हवेत. म्हणजे दर साडेतीन दिवसांनी एक मोळी, आठवड्याला दोन. आठवड्यातले दोन दिवस रानात गेले. पाण्याचं जळण वेगळं.

मोळी घेणारेही एकसारखे नाहीत. वखारीतून क्विंटलवर माल उचलणाऱ्या लग्नाच्या आचाऱ्याला, पोह्याच्या भट्टीला, बेकरीला वजनकाटा मिळतो. दहनाला सुमारे 300 किलो लाकूड लागतं, म्हणजे बारा मोळ्या, तेही वजनावर येतं. घरगुती गिऱ्हाईक मात्र मोळी नजरेने मोजतं, आणि इथे झाडाची जात महत्त्वाची ठरते. वाळलेलं लाकूड कोणतंही असो, किलोमागे उष्णता जवळपास सारखीच असते. ऐनाच्या किलोत आणि पांगाऱ्याच्या किलोत फारसा फरक नाही. पण ऐन, किंजळ, धावडा ही लाकडं जड. तेवढ्याच आकाराच्या मोळीत त्यांचं वजन जास्त भरतं, त्यांचे निखारे टिकतात, वैलावरची आमटी त्यांच्यावर शिजत राहते. सावर आणि पांगारा फुगलेले दिसतात आणि लवकर संपतात. काट्यावर घ्यायचं तर जात बघायची गरज नाही, नजरेने घ्यायचं तर जात आधी बघावी.

जातीपेक्षा मोठी गोष्ट ओलावा. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं एक किलो लाकूड घेतलं तर अर्धा किलो पाणी आपण विकत घेतलं. चुलीत गेल्यावर ते पाणी आधी उकळून उडतं आणि उरलेल्या लाकडातलीच उष्णता खातं. सुक्या किलोत 3,600 किलोकॅलरी असतात तिथे ओल्या किलोत जेमतेम 1,900 उरतात. म्हणजे किलोला एक बादलीऐवजी अर्धी. ओलं लाकूड धुमसतं, त्यामुळे चुलीची कार्यक्षमताही घसरते. प्रत्यक्षात अर्धी बादलीही तापत नाही. इंग्लंडने 1 मे 2021 पासून कायदा करून घरगुती वापरासाठी छोट्या प्रमाणात विकलं जाणारं लाकूड 20 टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचं असलंच पाहिजे असं ठरवलं. कारण हवेचं होतं, पण त्यात गिऱ्हाइकाचाही फायदा झाला. आपल्याकडे लाकडाचा ओलावा मोजून विकण्याची पद्धत नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच बघायचं. सुक्या लाकडाच्या टोकाला भेगा पडलेल्या असतात, साल सैल होते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो आणि जळताना त्याच्या टोकातून फेस निघतो.

कोकणातली माणसं हे पिढ्यान् पिढ्या जाणून आहेत. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत सुकी मासळी, मीठ, मिरच्या, डाळी यांच्याबरोबर लाकडं फोडून पडवीत रचली जात ती याचसाठी. फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचं ऊन लाकडातलं पाणी फुकट काढून देतं. वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात ते तीन महिने गेले की पुढे दिवाळीपर्यंत लाकूड नीट वाळत नाही. पण आगोटीला दोन गोष्टी लागतात: एकदम द्यायला पैसे आणि रचून ठेवायला कोरडी जागा. पडवी असलेलं घर चैत्रात सुकं लाकूड घेतं आणि पावसाळाभर निवांत असतं. एका खोलीत राहणारा मजूर श्रावणात ओली मोळी घेतो आणि तेवढ्याच उष्णतेला दुप्पट मोजतो. सरपणाच्या व्यवहारात गरिबाला सगळ्यात महाग पडतं ते हे, आणि ही गोष्ट कोणत्याही भावफलकावर दिसत नाही.

मग गॅस का घेत नाहीत? घेतला आहे. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून आदिवासी वाड्यांतही शेगड्या पोचल्या. पण 2023-24 मध्ये उज्ज्वलाच्या लाभार्थींनी देशभरात वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर भरून घेतले. महिन्याला एक लागत असेल तर हे गरजेच्या एक तृतीयांश झालं. उरलेलं लाकडावर. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचं ठरवलं. त्याने काही महिने सुटतात, वर्ष सुटत नाही. रोज मजुरी आणून रोज खाणाऱ्या घरात आठशे-साडेआठशे रुपये एकदम हातात नसतात. आजच्या चुलीपुरतं लाकूड आजच्या पैशांत मिळतं. म्हणून गॅसवर चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक, चुलीवर भात आणि पाणी, अशी वाटणी घराघरांत झाली आहे. या घरांना गॅसचं महत्त्व समजत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या आठवड्याच्या पैशांकडे एकदा बघावं. पाच किलोचा छोटा सिलिंडर याच अडचणीवर उतारा आहे आणि उज्ज्वलाच्या गिऱ्हाइकाला मोठ्याच्या जागी तो घेता येतो. वाडीजवळच्या किराणा दुकानात तो सहज मिळाला तर मोळ्यांवरचा भार लवकर हलका होईल.

धुराबद्दल थोडक्यात. घरातल्या धुरामुळे जगात 2020 साली सुमारे 32 लाख माणसं अकाली मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बंद खोलीतली चूल आणि ओलं लाकूड यांची जोडी सगळ्यात वाईट. हा खर्च दवाखान्यात भरला जातो, सरपणाच्या नावावर पडत नाही.

चूल सुधारली तर लाकूड निम्मं लागतं, हेही आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि 2002 च्या सुमारास तो बंद केला. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली, चुलींवर आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यावर काम केलं. 2002 मध्ये त्या पाचटाच्या कोळशाला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. हवा नीट खेळणाऱ्या चुलीत 25 टक्के उष्णता भांड्याला मिळते. मग सिलिंडरच्या बरोबरीला 218 ऐवजी 104 किलो लाकूड पुरतं आणि आठवड्याला दोन मोळ्यांच्या जागी एक. गॅस येणार म्हणून चुलीवरचं काम सोडून देणं ही चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे. गॅस आला आणि चूलही राहिली; फक्त ती जुनीच राहिली.

लाकूड कुठून यावं याचंही उत्तर आहे. भाताच्या बांधावर गिरिपुष्प लावलं तर त्याचा पाला खताला होतो, फांद्या जळणाला होतात आणि छाटलं तितकं ते पुन्हा फुटतं. 2006 च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं रानातून घेण्याचे, आणि गौण वनोपजाचे हक्क मान्य केले; काटक्या-झुडपं आणि झाडांची खोडकी त्या वनोपजात मोडतात. रायगडात दळी जमिनींचे, म्हणजे रानात कसायला मिळालेल्या जमिनींचे, आणि सामूहिक वनांचे दावे सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं लढवले आहेत. ज्या वाडीला तिच्या रानाचा सामूहिक हक्क मिळतो, तिला कुठलं झाड राखायचं आणि कुठलं छाटायचं हे ठरवता येतं, आणि तिथल्या बाईला कोयता लपवून रानात शिरावं लागत नाही.

पेण-रोह्यात राहणाऱ्या वाचकाने यातून काय घ्यावं? स्वयंपाक शक्य तेवढा गॅसवर करावा. पाण्यासाठी छपरावर जागा असेल तर सोलर हीटर बसवावा, पावसाळ्यात माळ्यावरचा बंब खाली काढावा. लाकूड लागणारच असेल तर ते चैत्र-वैशाखात घ्यावं आणि कोरडं रचावं. वाडीतली बाई दारात मोळी घेऊन आली तर ती तिच्या एका दिवसाची मजुरी आहे हे मनात धरून भाव द्यावा, आणि दुपार झाली म्हणून तो पाडू नये.